क्रिएटिनिन १.२, वय वर्षे ८०

तालुक्याच्या गावातील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्या काळात सर्वांत जास्त वेळा कोणता आकडा छापला असे कुणी विचारले, तर रक्तातील साखरेनंतर मी क्रिएटिनिनचेच, म्हणजे मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजतात त्या टाकाऊ द्रव्याचेच, नाव घेईन. लोक रिपोर्ट हातात घेतात, आकड्याशेजारी छापलेली मर्यादा पाहतात, आकडा तिच्या आत असला की ‘किडनी चांगली आहे’ म्हणून कागद घडी घालून ठेवतात आणि किंचित बाहेर असला की त्याच संध्याकाळी पुण्यातील मूत्रपिंडतज्ज्ञांची वेळ घेतात. वयस्कर माणसांच्या बाबतीत हे दोन्ही निष्कर्ष फसवे ठरू शकतात. निर्धास्त व्हायला नको तिथे घरचे निर्धास्त होतात आणि घाबरायला नको तिथे घाबरतात. निवृत्त झाल्यावर नात्यातील आणि ओळखीतील माणसे आपले रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येऊ लागली, तेव्हा हे अधिकच जाणवले. मी डॉक्टर नाही आणि कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण हा आकडा कसा तयार होतो हे मला ठाऊक आहे, आणि म्हणून तो कसा वाचावा याविषयी लिहिते आहे.

माझ्या सासूबाईंचे वय ८०, वजन ४५ किलो आणि क्रिएटिनिन १.२. त्याच दिवशी तपासणीला आलेला ३० वर्षांचा, ७० किलो वजनाचा एखादा तरुण घ्या आणि त्याचेही क्रिएटिनिन १.२ आहे असे समजा. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ साली मांडलेले एक जुने, साधे गणित आहे: १४० मधून वय वजा करायचे, उरलेल्या आकड्याला किलोमधील वजनाने गुणायचे, आलेल्या संख्येला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे आणि व्यक्ती स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचे. त्या तरुणाचे उत्तर येते मिनिटाला सुमारे ८९ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ निरोगी. सासूबाईंचे उत्तर येते २७ च्याही किंचित खाली. छापलेला आकडा दोघांचा एकच असला, तरी रक्त गाळण्याची क्षमता मात्र एकाची दुसरीच्या तिपटीहून अधिक आहे.

याचे कारण क्रिएटिनिन मूत्रपिंडात तयार होत नाही, ते स्नायूंत तयार होते. स्नायूंतील क्रिएटिनचे रोज थोडे थोडे विघटन होते, त्यातून निघालेले क्रिएटिनिन रक्तात येते आणि मूत्रपिंड ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणून रक्तातील आकडा हा आवक आणि जावक यांचा मिळून झालेला हिशेब असतो. म्हातारपणी स्नायू झडतात, आवक घटते, आणि जावक निम्म्यावर आली तरी शिल्लक फारशी वाढलेली दिसत नाही. माक्स याफे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८६ साली दाखवून दिलेल्या पिक्रिक आम्लाच्या अभिक्रियेवर आजही अनेक प्रयोगशाळांतील क्रिएटिनिनची चाचणी चालते. अल्कधर्मी द्रावणात नारिंगी रंग येतो आणि तो जितका गडद, तितके क्रिएटिनिन जास्त. यंत्राला रंग दिसतो. खुर्चीवर बसलेल्या बाईच्या दंडाची झालेली काडी त्याला दिसत नाही.

अलीकडे बऱ्याच रिपोर्टांवर क्रिएटिनिनच्या खाली ई-जीएफआर नावाची ओळ छापलेली असते. हे अंदाजित गाळणक्षमतेचे उत्तर असून त्यात वय आणि लिंग धरलेले असते. सध्या प्रचलित असलेल्या २०२१ सालच्या सूत्राने सासूबाईंचे उत्तर सुमारे ४६ येते. २७ आणि ४६ यांतील खरे कोणते, असा प्रश्न माझ्या मुलाने तत्काळ विचारला होता आणि तो रास्तच आहे. नव्या सूत्रात वजन धरलेले नाही, आणि त्याचे उत्तर १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या ठरावीक शरीरासाठी काढलेले असते. ४५ किलोच्या वृद्ध स्त्रीचे शरीर त्याहून बरेच लहान असते. रोगाची अवस्था ठरवताना ई-जीएफआर पाहतात, पण औषधांच्या मात्रा बसवताना अनेक डॉक्टर आजही जुन्या गणिताकडे वळतात, कारण पुष्कळ औषधांच्या मात्रांची कोष्टके त्याच गणितावर बेतलेली आहेत. दोन्ही आकडे अंदाजच आहेत. शंका मोठी असेल तर सिस्टॅटिन सी नावाची दुसरी रक्तचाचणी करता येते. हे प्रथिन शरीरातील जवळजवळ सर्वच पेशींत तयार होत असल्यामुळे त्यावर स्नायूंचा परिणाम फार कमी होतो. मात्र थायरॉइडचा विकार असला किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तर तेही चुकीची दिशा दाखवू शकते.

आता दुसरी बाजू. पंचाहत्तरी ओलांडलेल्या धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर ई-जीएफआर ५५ छापून आला आणि त्याखाली ‘क्रॉनिक किडनी डिसीज, तिसरी अवस्था’ असे शब्द दिसले, की घरातील वातावरणच बदलते. तिसरी अवस्था म्हटल्यावर लोकांना कर्करोगाची तिसरी अवस्था आठवते. प्रत्यक्षात वयाबरोबर मूत्रपिंडातील गाळण्या कमी होत जाणे हे केस पिकण्याइतकेच सार्वत्रिक असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये मूत्रपिंडदान करणाऱ्या निरोगी माणसांच्या मूत्रपिंडांचा अभ्यास झाला. हे सगळे दाते कसून तपासूनच निवडलेले होते. तरीही त्यांच्या मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा तपासल्यावर, झिजेच्या ठरावीक खुणा तिशीच्या आतील दात्यांपैकी ३ टक्क्यांहूनही कमी जणांत आढळल्या, तर सत्तरी ओलांडलेल्यांपैकी ७३ टक्के जणांत आढळल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात एका मूत्रपिंडातील शाबूत गाळण्यांची सरासरी संख्या विशीतील दात्यांत सुमारे ९ लाख ९० हजार आणि सत्तरीच्या पुढील दात्यांत सुमारे ५ लाख २० हजार भरली. म्हणजे जवळजवळ निम्म्या गाळण्या जाऊनही ही माणसे दुसऱ्याला मूत्रपिंड देण्याइतकी निरोगी होती.

झीज सर्वांची सारख्या वेगाने होते असेही नाही. बाल्टिमोर येथे वर्षानुवर्षे त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा तपासून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८५ साली आले. गाळणक्षमता सरासरीने वर्षाला पाऊण मिलिलिटर घटत होती, परंतु सुमारे एक तृतीयांश जणांत ती मुळीच घटली नव्हती. हा एक तृतीयांशाचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘वय झाले, किडनी थकायचीच’ हे वाक्य दवाखान्यात फार सहज उच्चारले जाते आणि त्याच्या आड मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेली प्रॉस्टेट ग्रंथी खुशाल लपून राहतात. प्रॉस्टेटचे तर विशेष वाईट वाटते. लघवी तुंबून मूत्रपिंडावर मागून दाब येत असतो, साध्या सोनोग्राफीत ते दिसते, वेळेवर अडथळा काढला तर बरीचशी क्षमता परतही येते. पण रात्री चार वेळा उठावे लागते ही गोष्ट आजोबा संकोचाने कुणाला सांगत नाहीत.

मग वार्धक्य कोणते आणि रोग कोणता, यावर तज्ज्ञांतही वाद आहे. ई-जीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या सर्व वयांना एकच मोजपट्टी लावते. युरोपातील काही मूत्रपिंडतज्ज्ञांचे म्हणणे असे, की ६५ वर्षांपुढे ही मर्यादा ४५ धरावी, नाहीतर निरोगी वृद्धांची मोठी फौज विनाकारण रुग्ण ठरते. विरुद्ध पक्ष म्हणतो, की क्षमता कमी असलेल्या वृद्धाला औषधांचा आणि जुलाबासारख्या साध्या आजारांचा धोका जास्त असतोच, मग त्याला नाव काहीही द्या. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. या वादात उपयोगी पडणारी एक माहिती २००७ सालच्या अमेरिकी अभ्यासात आहे. दोन लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्यावर असे आढळले, की ६५ ते ८४ या वयोगटात ई-जीएफआर १५ च्या खाली जाईपर्यंत डायलिसिसची वेळ येण्यापेक्षा अन्य कारणाने मृत्यू येण्याची शक्यताच अधिक होती. या वयात ५५ आकडा पाहून डायलिसिसच्या काळजीने झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. तोच जीव रक्तदाब आणि हृदय यांकडे लावावा.

निवाडा करण्यासाठी एक स्वस्त आणि अतिशय दुर्लक्षित तपासणी आहे, ती म्हणजे लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी असलेले प्रमाण. सकाळच्या लघवीचा एक नमुना पुरतो, चोवीस तासांचा डबा भरावा लागत नाही. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर गाळण्यांची जाळी शाबूत आहे असे मानतात. ३०० च्या वर गेले तर धोका पुष्कळ वाढतो. ई-जीएफआर ५२ आणि अल्ब्युमिन १०, हा बहुधा सावकाश म्हातारा होणारा माणूस. ई-जीएफआर ७५ आणि अल्ब्युमिन ६००, हा मात्र तातडीने तज्ज्ञांकडे जायला हवा, जरी त्याचा क्रिएटिनिनचा आकडा पहिल्याहून देखणा असला तरी. ताप, लघवीचा संसर्ग किंवा श्रम यांनी हे प्रमाण तात्पुरते चढते, म्हणून एका नमुन्यावर न थांबता तपासणी पुन्हा करावी लागते. रक्त द्यायला माणसे उपाशीपोटी येऊन रांग लावतात आणि लघवीची बाटली पुढे केली की ‘ते डॉक्टरांनी सांगितले नाही’ म्हणतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. बरेचदा डॉक्टरांनी खरोखरच ते लिहिलेले नसे.

मूत्रपिंडे थकलेली असली तरी त्यांचे रोजचे काम बहुधा निभते. राखीव ताकद मात्र उरलेली नसते, आणि नेमका तिच्यावरच आघात होतो. गुडघेदुखीवरच्या गोळ्या या आघातात पहिल्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफिनॅक यांच्या पट्ट्या मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय सहज मिळतात. मूत्रपिंडात शिरणारी सूक्ष्म रक्तवाहिनी उघडी ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये या गोळ्या तयारच होऊ देत नाहीत. तरुणाला त्याचे सहसा काही वाटत नाही. वृद्धाच्या गाळण्या मात्र त्या द्रव्यांच्याच आधारावर चाललेल्या असतात. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर गाळणीतून बाहेर पडणारी वाहिनी सैल होते, आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी असेल तर रक्तातील पाणीही कमी होते. अशा तिन्ही गोळ्या एकत्र आल्या आणि वर उन्हाळ्यातील जुलाब किंवा आषाढी वारीतील दिवसभराची चाल यांची भर पडली, की चार दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकते. वारीत गुडघे धरलेल्या माउलीला सहप्रवासी प्रेमाने गोळी देतात, तेव्हा तिच्या पिशवीत आधीच कोणत्या गोळ्या आहेत हे कुणी पाहत नाही. (डायक्लोफिनॅकची एक हकीकत येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे औषध दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन आपल्याकडील गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, हे २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, पण औषध तेच आहे.)

ज्या औषधांचा निचरा मूत्रपिंडातून होतो ती शरीरात साठत जातात, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनची मात्रा ई-जीएफआर ४५ च्या खाली कमी करतात आणि ३० च्या खाली ते बंद करतात. नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी गाबापेंटिन आणि प्रीगाबालिन, स्नायू सैल करणारे बॅक्लोफेन ही औषधे पूर्ण मात्रेत चालू राहिली, तर आजी दिवसभर गुंगीत राहतात, असंबद्ध बोलू लागतात, तोल जाऊन पडतात. आणि घरचे समजतात, की आता विस्मरणाचा आजार सुरू झाला. सासूबाईंचा २७ हा आकडा आमच्या डॉक्टरांसमोर ठेवल्यानंतर त्यांनी प्रीगाबालिनची मात्रा कमी केली आणि काही दिवसांतच त्या पुन्हा पेपर वाचू लागल्या. ‘किडनी नॉर्मल’ म्हणून तो रिपोर्ट बाजूला ठेवला असता, तर त्यांच्या झोपेचे खापर वयावरच फुटले असते.

उपयोगी औषधांबाबत उलट गैरसमज आढळतो. टेल्मिसार्टनसारख्या सार्टन गटातील गोळ्या किंवा मूळचे मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते, कारण ही औषधे गाळणीवरचा जादा दाब उतरवतात. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा स्वीकारली जाते. घरातील लोक मात्र नवा रिपोर्ट पाहून ‘या गोळीने किडनी बिघडली’ असा निष्कर्ष काढतात आणि गोळी परस्पर बंद करतात. डापाग्लिफ्लोझिनची मोठी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. चार हजारांहून अधिक रुग्णांत, मधुमेह असलेल्या आणि नसलेल्याही, मूत्रपिंडाचा मोठा ऱ्हास किंवा मूत्रपिंड-हृदयविकाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी घटला. त्याच वर्षी भारतातील पेटंट संपल्यामुळे अनेक कंपन्यांनी हे औषध बाजारात आणले आणि ते सामान्य निवृत्तिवेतनधारकाच्या आवाक्यात आले. वृद्धांना ते देताना जननेंद्रियांचा बुरशीसंसर्ग आणि पाणी कमी होणे यांकडे लक्ष ठेवावे लागते. उलट्या-जुलाब सुरू झाले तर ही गोळी काही दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवलेले बरे.

पथ्याच्या नावाखाली आपल्याकडे बराच अतिरेक चालतो. माझ्या आत्यांचे क्रिएटिनिन १.५ आले तेव्हा हितचिंतकांनी त्यांची डाळ, उसळ आणि अंडी एकदम बंद करून टाकली. ताक-भातावर काही महिने काढल्यावर क्रिएटिनिन १.२ झाले आणि सगळ्यांनी पथ्याचा जयजयकार केला. वस्तुतः आत्यांचे वजन उतरले होते, दंड-मांड्या झडल्या होत्या आणि क्रिएटिनिनची आवकच घटली होती. सिस्टॅटिन सी तपासले तेव्हा क्षमता होती तिथेच असल्याचे दिसले. विकार मध्यम असताना दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सांगितले जाते, परंतु अशक्त, झडलेल्या वृद्धाला एवढीही मर्यादा घालू नये, हेही त्याच मार्गदर्शनात सांगितलेले असते. मिठाचे पथ्य मात्र खरे आहे, आणि ते पापड, लोणचे, फरसाण यांच्या डब्यांत मोडते. त्यावर उपाय म्हणून आणलेल्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असते, जे सार्टनची गोळी घेणाऱ्या मूत्रपिंडरुग्णाला हृदयाची लय बिघडण्यापर्यंत नेऊ शकते. आजाऱ्याला भेटायला जाताना नेलेल्या शहाळ्यातही पोटॅशियम पुष्कळ असते. स्टारफ्रूट, म्हणजे आपले कमरख, हे फळ तर क्षमता फार घटलेल्या माणसाने चाखूसुद्धा नये. त्यातील विषारी द्रव्य निचरा न झाल्याने मेंदूवर परिणाम करते, आणि उचकी न थांबणे हे त्याचे पहिले लक्षण असते.

राहिला डायलिसिसचा प्रश्न. विलेम कोल्फ या डॉक्टरांनी नेदरलँड्समधील कांपेन येथे आपण बनवलेल्या डायलिसिस यंत्राच्या साहाय्याने ज्या पहिल्या रुग्णाचा जीव वाचवला, ती १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री होती, त्यामुळे वय हीच अडचण आहे असे कुणी म्हणू नये. पण तिचा बिघाड तात्पुरता होता. दीर्घकाळ झिजलेल्या मूत्रपिंडाचे आणि परावलंबी झालेल्या शरीराचे गणित निराळे असते. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ३,७०२ वृद्धांना डायलिसिस सुरू केल्यानंतर वर्षभरात ५८ टक्के जण मरण पावले आणि ज्यांची हालचाल व दैनंदिन कामे करण्याची क्षमता पूर्वीइतकी टिकली असे अवघे १३ टक्के होते, असे २००९ सालच्या अभ्यासात दिसले. हा अभ्यास आधीच अंथरुणाला खिळू लागलेल्यांचा आहे. स्वतः चालत बाजारात जाणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसाला तो लावू नये. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मिळते, त्यामुळे प्रश्न आता निव्वळ पैशांचा राहिलेला नाही. आठवड्यातून दोन-तीनदा जाणे-येणे, प्रत्येक वेळी चार तास यंत्राजवळ पडून राहणे आणि त्यानंतरचा थकवा हे त्या विशिष्ट माणसाला हवे आहे का, हे त्यालाच विचारायला हवे. मुले परस्पर ठरवतात, बहुतेकदा प्रेमापोटी आणि थोडेसे नातेवाइकांच्या भयापोटी. डायलिसिस न करणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. रक्तवाढीची इंजेक्शने, खाज व दम यांवरील औषधे, सूज उतरवणाऱ्या गोळ्या हे सर्व चालूच राहते, आणि माझे मामा असे निवडून आजही संध्याकाळी देवळापर्यंत चालत जातात.

ज्यांचा कौल डायलिसिसच्या बाजूने असेल त्यांनीही घाई करण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील २०१० सालच्या चाचणीत लवकर सुरुवात केलेल्यांचे आयुष्य वाढले नाही. तयारी मात्र लवकर करावी. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातील धमनी आणि शीर जोडून फिस्टुला तयार केल्यावर ती वापरण्याजोगी व्हायला काही आठवडे ते महिने लागतात, आणि त्यासाठी शीर शाबूत असावी लागते. म्हणून ई-जीएफआर तिशीखाली घसरू लागला, की उजवा हात वापरणाऱ्या माणसाने प्रयोगशाळेत गेल्यावर डावा हात पुढे करू नये, कारण फिस्टुला सहसा कमी वापराच्या हातावर करतात. दवाखान्यात सलाइनची सुई कोपराजवळ किंवा मनगटाजवळ लावू देऊ नये आणि रक्त हाताच्या पाठीवरील शिरेतून घेण्यास सांगावे. तंत्रज्ञ कुरकुर करतील, कारण ती शीर सापडायला वेळ लागतो आणि दुखतेही अधिक. तरी आग्रह धरावा.